बोट अडखळेना

गल्लीत त्यांना सगळे मोठे म्हणत. हे मोठेपण वयाचं नव्हतं आणि मानाचंही नव्हतं, घेराचं होतं. दुकानात शिरताना आधी एक खांदा जायचा, मग पोट, आणि मग मागं राहिलेला माणूस. शेजारच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा दोस्त म्हणायचा, "मोठे आत गेले की दुकानातली सगळी हवा बाहेर येते. मला फुकटचा वारा." मोठे हसायचे. ते हसले की खुर्ची करकरायची, आणि खुर्ची करकरली की घड्याळवाल्याला आणखी हसू यायचं.

पण त्या अवाढव्य देहाच्या टोकाला दोन हात होते, ते जणू दुसऱ्याच कुणाचे. बोटं लांब, निमुळती, कायम कोरडी. मोठे रफूचं काम करत. कोटावर सिगारेटची ठिणगी पडली, लोकरीच्या कापडाला कसर लागली, नवी पँट खिळ्यात अडकून फाटली, की माणसं ते कापड घडी घालून, पडेल चेहऱ्यानं मोठ्यांकडे आणत. मोठे कापड खिडकीच्या उजेडात धरत. उलटंसुलटं करून बघत. मग म्हणत, "ठेवून जा." एवढ्यावर माणसं निश्चिंत होऊन घरी जात.

रफूचा धागा बाजारात मिळत नाही. काळा म्हणावा, तर काळ्यातही नाना काळे असतात. एक निळ्याकडे झुकलेला, एक तपकिरीकडे. म्हणून मोठे धागा त्याच कापडातून काढत. कोटाच्या आतल्या अंगाला, शिवणीच्या दाबात, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं जास्तीचं कापड दुमडलेलं असतं. त्यातला एकेक धागा सुईच्या टोकानं ओढून काढायचा आणि भोकाच्या जागी उभा-आडवा, एकाखालून एकावरून, विणत जायचा. कापड आपल्याच पोटातलं काढून आपली जखम भरतं, आपण नुसती सुई धरायची, अशी मोठ्यांची समजूत होती. या समजुतीवर त्यांनी सगळी हयात काढली होती.

आणि एक गोष्ट त्यांच्याकडेच होती. काम संपलं की ते कापड मांडीवर पसरत, डोळे मिटत, आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यावरून सोडून देत; वाहत्या पाण्यात काडी सोडावी तसं. बोट आपल्या चालीनं जाई. कुठं धागा जरासा ताणलेला असला, कुठं टोक नीट दडलेलं नसलं, की तिथं ते अडखळे. अडखळलं की तेवढी जागा उसवायची आणि पुन्हा विणायची. या काठापासून त्या काठापर्यंत बोट न अडखळता गेलं, की मोठे डोळे उघडत आणि कापड बायकोकडे देत. ती त्यावर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवी. गिऱ्हाइकाला ते कधी "बघा बरं, दिसतंय का" असं विचारत नसत. विचारायचं कशाला? बोटानं सांगितलेलं होतं.

असा माणूस, पण देह काही ऐकेना. गुडघे गेले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. बायको उठून बसायची आणि श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली मुलगी एकदा आली, तिनं आईचे सुजलेले डोळे पाहिले आणि बापाला सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला आमच्यात राहायचंय की नाही?" मोठ्यांनी मान खाली घातली. पोरीनं मोठ्या इस्पितळात नाव घातलं. डॉक्टरांनी पोट कापून मुठीहून लहान केलं आणि आतड्याची थोडी वाट सोडून ते पुढं जोडून दिलं. अन्न आता आडवाटेनं जाणार होतं.

घरी सोडायच्या दिवशी आहार सांगणाऱ्या बाई खाटेशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "काका, नीट ऐका. वजन आपोआप उतरेल, त्याची काळजी नको. पण आता जेवलेलं सगळं अंगी लागणार नाही. म्हणून व्हिटॅमिन घ्यायची. या ऑपरेशनसाठी वेगळी बनवलेली असतात, तीच. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. लोह वेगळं, कॅल्शियम वेगळं, दोन्ही एका वेळी नाही. आणि हे जन्मभर."

"जन्मभर?" मोठ्यांनी विचारलं.

"जन्मभर."

"म्हणजे लग्नासारखंच की."

"लग्नातसुद्धा यांना रोज आठवण करून द्यावी लागते," बायको म्हणाली, आणि बाईसुद्धा हसल्या. त्या हसण्यात पुढची दोन वाक्यं वाहून गेली. घरी आल्यावर नवरा-बायकोला एवढंच धड आठवत होतं, की व्हिटॅमिन घ्यायची आहेत आणि जन्मभर घ्यायची आहेत.

वजन मात्र खरोखर उतरलं. उन्हात ठेवलेल्या बर्फासारखं. सदरे ढगळ झाले, मग कुणा दुसऱ्याचे वाटायला लागले. मोठे दुकानाच्या दारातून सरळ आत जाऊ लागले. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते पुन्हा बाहेर आले आणि पुन्हा आत गेले. घड्याळवाला टपरीतून ओरडला, "अहो, एकदा कळलं! आता काय दार झिजवता?"

नाव मात्र मोठेच राहिलं. नव्या गिऱ्हाइकाला कुणी सांगे, "मोठ्यांकडे जा," आणि तो येऊन या लुकड्या माणसालाच विचारी, "मोठे कुठं बसतात?"

इस्पितळातून दिलेल्या गोळ्या चावून खायच्या होत्या. त्या बटणाएवढ्या जाड, आणि चवीला गंजका खिळा चोखावा तशा. मोठे चावत, डोळ्यांत पाणी येई, आणि थोड्या वेळानं गोळी आली त्या वाटेनं परत जाई. बायको पाठीवरून हात फिरवी. "अहो, नाक दाबून घ्या ना." नाक दाबून घेतली, तरी तेच. उपाशी पोटी घेतली, जेवून घेतली, देवाचं नाव घेऊन घेतली. लहानगं पोट आपल्याला नको ते ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

मग सल्ले आले. सल्ल्यांना कधी तोटा नसतो. मोठ्यांचे केस गळायला लागले होते, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं केस, नखं आणि कातडीची म्हणून एक बाटली दिली. "यात सगळं येतं," तो म्हणाला. घड्याळवाल्यानं आपल्या मेव्हण्याकडून ताकदीची पूड आणली. तिला मातीचा वास होता आणि डब्यावर एक उघडाबंब पैलवान. बायकोनं कुणाचं तरी ऐकून हाडांच्या गोळ्या आणल्या. कपाटातला एक कप्पा बाटल्यांनी भरला. रोज सकाळी मोठे त्या कप्प्यापुढं उभे राहत. कापडाच्या ढिगातून हवा तो काळा ओळखणारा हा माणूस. पण इथं कुठली बाटली कशासाठी, कुठली आधी, कुठली नंतर, हे काही केल्या उमगत नसे. शेवटी हाताला लागेल ती उचलत.

आणि मग मुलीचं पार्सल आलं. जेलीच्या गोळ्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या, छोट्या फळांच्या आकाराच्या, वरून साखर भुरभुरलेली. फोनवर ती म्हणाली, "बाबा, या घेऊन बघा. पोरंसुद्धा आवडीनं खातात. बाटलीवर लिहिलंय, रोजची सगळी व्हिटॅमिन."

मोठ्यांनी एक तोंडात टाकली. ती पोटात राहिली. दुसरी टाकली. तीही राहिली. कितीतरी दिवसांनी जिभेला काहीतरी बरं लागलं होतं. मोठे बायकोकडे बघून लहान मुलासारखे हसले आणि तिनंही सुटकेचा श्वास टाकला. औषधवाल्याला बाटली दाखवली, तर त्यानं चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "बी-ट्वेल्व्ह आहे की यात. मग इंजेक्शन टोचून घ्यायची हौस कशाला?"

इंजेक्शन राहिलं. जाड गोळ्या राहिल्या. इस्पितळ लांब होतं, तपासणीची तारीख आली आणि गेली. मोठ्यांना बरं वाटत होतं ना! गुडघे दुखेनात, साखर आटोक्यात आली, बायको सकाळपर्यंत निवांत झोपायला लागली. मनातल्या मनात त्यांचा एक हिशेब होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. एवढा मोठा देह होता आपला. दाबात कापड भरपूर होतं. कुठं काही कमी पडलं, तर देह आपल्यातलंच काढून घेईल. वर गोड गोळी आहेच.

वर्ष उलटून गेलं. तेव्हा पायांच्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. मोठ्यांना वाटलं, बसून बसून होतंय. हात झटकत आणि कामाला लागत. पुढं मुंग्या कमी झाल्या आणि हात शांत झाले. मोठ्यांनी बायकोला सांगितलं, "बघ, गेल्या मुंग्या. अंग आपलं आपण सावरतं."

आणि मग त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर दिवस आले. त्यांना तरी तसं वाटलं. काम इतकं सोपं कधी झालंच नव्हतं. रफू संपवायचं, कापड मांडीवर पसरायचं, डोळे मिटायचे, बोट सोडायचं, आणि बोट लोण्यावरून जावं तसं या काठाहून त्या काठाला. एकदाही अडखळत नव्हतं. पूर्वी एखाद्या कोटासाठी तेच ते पुन्हा उसवावं लागे. आता पहिल्या फेरीतच सगळं गुळगुळीत. उमेदीत जे साधलं नाही ते आता साधलं, असं त्यांना वाटायला लागलं. एका दुपारी ते घड्याळवाल्याला म्हणाले, "चरबी होती हो बोटांतसुद्धा. ती उतरली, आता हात मोकळा झाला."

"म्हणजे मीसुद्धा पोट कापून घेतो," घड्याळवाला म्हणाला. "सेकंदकाटे हल्ली फार छळतात."

त्या दिवसांत मोठे गुणगुणत. कपबशी त्यांच्या हातून दोनदा सुटली. सदऱ्याची बटणं लावायला त्यांना वेळ लागे आणि बायको बोलता बोलता पुढं होऊन ती लावून देई. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. संसारात अशी कामं कधी याच्याकडून त्याच्याकडे जातात, कुणी लक्ष ठेवत नाही.

पहिल्यांदा परत आला तो वकिलाचा काळा कोट. हे वकीलसाहेब जुनं गिऱ्हाईक, तोंडाचे तिखट. त्यांनी कोट टेबलावर टाकला. "मोठे, कोर्टात मला समोरच्या वकिलानं विचारलं, साहेब, खांद्यावर पाल बसलीय का? हे काय केलंत?"

मोठे हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. त्यांनी कोट मांडीवर घेतला, डोळे मिटले, बोट सोडलं. बोट गेलं. कुठं काही नाही. डोळे उघडून ते म्हणाले, "साहेब, काम चोख आहे. कापडाचा काही दोष असेल."

"डोळे उघडे ठेवून बघा," वकील म्हणाले.

मोठ्यांनी कोट उचलून खिडकीशी धरला. उजेड तिरपा येत होता. रफूच्या जागी कापड आक्रसलं होतं, भाजलेल्या कातडीसारखं. धागे कुठं ताठ, कुठं सैल. एक टोक चक्क वर आलेलं. नवशिक्यानंही असं करू नये. मोठ्यांनी ते बघितलं, आणि बघता बघता बोट पुन्हा त्या जागेवर नेलं. डोळ्यांना टेंगूळ दिसत होतं. बोटाला काही सापडत नव्हतं.

वकीलसाहेबांचा तिखटपणा तिथल्या तिथं ओसरला. "राहू दे, मोठे," ते म्हणाले. "सावकाश करा. माझ्याकडे दुसरा कोट आहे." त्यांनी कधी एवढं मऊ बोललेलं मोठ्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्या मऊपणानंच ते घाबरले.

ते गेल्यावर घड्याळवाला आत आला. त्यानं टपरीतून सगळं ऐकलं होतं. बायको इस्त्री बाजूला ठेवून उभी होती. "तुला दिसलं नव्हतं?" मोठ्यांनी तिला विचारलं.

"मी बघतच नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही दिलंत की झालंच, असं धरून फडकं टाकते. इतकी वर्षं तसंच करत आले."

घड्याळवाल्यानं मोठ्यांचे डोळे आपल्या हातानं झाकले आणि बायकोला खूण केली. तिनं एक चिंधी घेतली, तिच्यावर भली मोठी गाठ मारली आणि ती मोठ्यांच्या बोटाखाली सरकवली. मग तशीच दुसरी, साधी.

"गाठ कुठल्या चिंधीला?" घड्याळवाल्यानं विचारलं.

मोठ्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुकानात नुसती टपरीतली घड्याळं ऐकू येत होती.

"एकीलाही नाही," मोठे म्हणाले.

 घड्याळवाल्यानं हात बाजूला केला. मोठ्यांना आपल्या बोटाखाली ती गाठ दिसली, आणि तिच्यापलीकडे बायकोचा चेहरा.

मुलगी आली आणि त्यांना पुन्हा त्या इस्पितळात घेऊन गेली. बायकोनं कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून नेल्या. चालताना त्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि वाटेतली माणसं वळून बघत होती. डॉक्टरांनी रक्त घेतलं. मग एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून त्याचं थरथरतं बूड मोठ्यांच्या बोटावर ठेवलं. "थरथर कळते?" मोठ्यांना चिमटा दिसत होता, त्याची गुणगुण ऐकू येत होती. "आवाज येतोय," ते म्हणाले. डॉक्टर मनगटाकडे सरकले, मग कोपराकडे. कोपराशी कुठं काहीतरी लागलं.

मग डॉक्टरांनी पिशवी रिकामी केली आणि बाटल्या एकेक करून हातात घेतल्या. "हे केसांचं. ही पूड, हिच्यात काय आहे ते बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. हे कॅल्शियम आहे, पण तुमच्या पोटाला न झेपणाऱ्या जातीचं. आणि हे?"

"त्या गोड आहेत," मोठे म्हणाले.

"यात लोह नाही. बी-ट्वेल्व्ह नावापुरतं आहे. अख्ख्या पोटाच्या माणसाला चाललं असतं. तुमची वाट आम्ही बदललीय."

"मग यातली चांगली कुठली?"

"वाईट कुठलीच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कामाची एकही नाही."

मोठ्यांनी गोड गोळ्यांची बाटली उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "पण वर्षभर मला काही झालं नाही. चांगला होतो मी."

"शरीरात साठा असतो. तो पुरतो तोवर काही कळत नाही. संपला की मग नसा मागतात, आणि द्यायला काही नसतं."

मोठ्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून ठेवले. कोटातून किती धागे ओढता येतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. दाब संपल्यावर पुढच्या धाग्यानं शिवणच सुटते, हेही माहीत होतं. हे सगळं माहीत असलेला माणूस इथं बसला होता आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.

"बोटं परत येतील ना?" बायकोनं विचारलं. तिनं असं विचारलं, जणू बोटं कुठं गावाला गेलीत.

"इंजेक्शनं लगेच सुरू करू. आणखी बिघडणार नाही, एवढं बहुतेक सांगता येईल. गेलेलं किती परत येईल, ते नाही सांगता येत. काहींचं येतं. मी शब्द देत नाही."

बाहेर बाकावर मुलगी रडायला लागली. "मीच पाठवल्या त्या. बाबा, मीच पाठवल्या."

"अगं वेडे, तूच तर एक असं पाठवलंस जे माझ्या पोटात राहिलं," मोठे म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस कसे लागतात ते त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी हात थोडा जास्त दाबला.

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या घ्यायला नवरा-बायको कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. "ही कंपनी आपल्याकडे येत नाही," तो म्हणाला आणि काउंटरवर तीन डबे मांडले. "यातलं कुठलंही न्या. सगळ्यांत तेच असतं."

"तेच म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"व्हिटॅमिन हो, वहिनी."

मोठ्यांनी एक डबा उचलला. त्यावर बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या. दुसरा उचलला, त्यावरही. एकावर एक आकडा मोठा, दुसऱ्यावर भलताच. इस्पितळात फोन लावला; तो वाजत राहिला. मागं लोक खोळंबले होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हो, लग्नाचं कापड निवडताय की काय?"  मोठ्यांना वाटलं, कुणीतरी यावं, यातला एक डबा हातात द्यावा आणि म्हणावं, हा तुझा. बायकोनं एक उचलला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. पूर्वी ती त्यांच्यासाठी काहीही निवडताना कधी बिचकली नव्हती. आता दोघंही भ्याली होती. एवढ्याशा डब्याला. ती दोघं रिकाम्या हातानं घरी आली.

खरे डबे पुढं मुलीनंच शोधून पाठवले. डॉक्टरांना फोटो दाखवून, त्यांच्याकडून हो म्हणवून घेऊन. ती गंजकी चव तीच होती. मोठे गोळीचे चार तुकडे करून, थांबत थांबत चावायला शिकले. कधी राहायची, कधी नाही. इंजेक्शन द्यायला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातली परिचारिका होती, ती म्हणायची, "मोठे, दंड सैल सोडा. सुईला तुम्ही घाबरता?"

"माझ्या हातातल्या सुईला नाही घाबरत," मोठे म्हणायचे.

दिवस गेले. एका सकाळी बोटांना पुन्हा मुंग्या आल्या. मोठ्यांनी धावत जाऊन बायकोला सांगितलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, नसा जाग्या होत असतील. किंवा नसतील. थांबून बघू. बायकोनं फोन ठेवला आणि दोघं एकमेकांकडे बघत बसली. ज्या मुंग्यांनी वाट लावली, त्याच आता शुभ म्हणायच्या की काय, हे कुणाला विचारावं ते कळेना.

मोठे दुकान उघडत. काम घेत नसत. आलेल्याला बाजारपेठेतल्या दुसऱ्या रफूवाल्याचा पत्ता सांगत. घड्याळवाला मधूनमधून येऊन बसे आणि पूर्वीपेक्षा जास्त बोले.

अशाच एका दुपारी एक उंच माणूस दारात आला. हॉटेलच्या दारावर उभा राहून येणाऱ्यांसाठी दार उघडणारा. अंगात हॉटेलचा लाल कोट, आणि उजव्या कोपराखाली बाही फाटलेली, करंगळी जाईल एवढी. गाडीच्या दारात अडकली, म्हणाला. कामावर लगेच हजर व्हायचं होतं, आणि असल्या बाहीनं दारावर उभं राहू देत नव्हते.

"दुसरीकडे जा," मोठे म्हणाले. "माझे हात चालत नाहीत."

"तिकडे जाऊन आलो. तो म्हणाला, परवा." माणूस घामाघूम झाला होता. "तुम्ही जमेल तसं करा ना. मला चालेल."

जमेल तसं. मोठ्यांनी हे कधी केलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.  तिनं सुई काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

मोठ्यांनी बाही उलटी केली, दाबातला धागा डोळ्यांनी शोधला, चष्म्यावर भिंग लावून; बायकोनं तो ओढून सुईत ओवून दिला. सुई बोटात आहे की नाही हे प्रत्येक टाक्याला बघून घ्यावं लागत होतं. दोनदा ती सुटून पडली, बायकोनं उचलून दिली. एकदा ती त्यांच्याच बोटात शिरली आणि रक्ताचा ठिपका कापडावर यायच्या आत बायकोनं हात बाजूला ओढला. सुई टोचल्याचं त्यांना तेव्हाच कळलं. एकाखालून एकावरून. धागा किती ओढायचा ते सांगणारं कुणी नव्हतं. मोठे अंदाजानं ओढत गेले, जसा माणूस अंधाऱ्या जिन्यात पाऊल टाकतो. हॉटेलवाला उभ्या उभ्या चुळबुळत होता. घड्याळवाला दारात येऊन उभा राहिला होता.

संपलं तेव्हा मोठ्यांनी बाही सरळ केली, उजेडात धरली, भिंगातून पाहिली. लाल कापडावर लाल धागा. कुठं एक रेघ दिसते आहे असं वाटलं. मग वाटलं, ती कापडाचीच असेल. ते बघत राहिले आणि जितकं बघितलं तितकं कळेनासं झालं.

त्यांनी कोट पुढं केला. 

"बघा बरं," ते म्हणाले. "दिसतंय का?"

माणसानं नजर टाकली न टाकली, तोवर हात बाहीत घातलाही होता. "छे, काही नाही दिसत. झकास झालंय."

मोठ्यांनी बायकोकडे पाहिलं.

"छान झालंय हो," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

त्यांनी दारातल्या घड्याळवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून. हॉटेलवाला आभार मानून पायऱ्या उतरला. लाल कोट गर्दीत दूर जात होता आणि मोठे टाचा उंचावून त्याच्या उजव्या कोपराकडे बघत होते. इतक्या लांबून काही समजणं शक्य नव्हतं.